मूल हवंय असं ठरलं की आधी कोणत्या तपासण्या? बचत गटातल्या बायकांना सांगायला नेमकी माहिती हवी आहे

निशिगंध

नमस्कार. पुढच्या महिन्यात सात बचत गटांची एकत्र बैठक आहे. साधारण ऐंशी बायका येतील. त्यातल्या निम्म्या तरी २० ते ३२ वयाच्या; कुणाचं लग्न नुकतंच झालंय, कुणाला दुसरं मूल हवंय. 'दिवस जाण्याआधीच्या तपासण्या' या विषयाला पाऊण तास मिळाला आहे.

बहुतेकींचा समज असा आहे की तपासण्या दिवस राहिल्यावरच करायच्या असतात आणि कार्ड काढलं की दवाखान्यात सगळं होतं. शुगर, बीपी हे चाळिशीनंतरचे आजार. मूल होत नसेल तरच आधी डॉक्टरकडे जायचं, नाहीतर लोक नाही नाही ते बोलतात. नुसतं 'काळजी घ्या' सांगून हा समज जाणार नाही. म्हणून विचारते: नेमक्या कोणत्या चाचण्या, किती महिने आधी, कोणत्या आकड्याला थांबायचं आणि गावपातळीवर हे कुठे होतं? आमचा भाग पूर्व विदर्भातला आहे, तेव्हा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दलही लिहावं.

तगर

निशिगंधताई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. सुरुवात भिंतीवरच्या कॅलेंडरपासून करा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवशी खूण करा. तिथून साधारण १४व्या दिवशी गर्भ धरतो, २८व्या दिवसाच्या सुमारास पाळी चुकते आणि ४२व्या दिवसापर्यंत बाळाच्या मेंदूची नि मणक्याची नळी मिटून झालेली असते. म्हणजे पाळी चुकल्यावर हातात जेमतेम दोन आठवडे असतात. १२ आठवड्यांच्या आत नाव नोंदवलं तर आपण 'वेळेत' म्हणतो, आणि रक्त वाढवायला, लसीला ती वेळ बरोबरही आहे. पण आईची साखर चढलेली असेल किंवा चुकीची गोळी चालू असेल, तर मणक्याला आणि हृदयाला जे व्हायचं ते तोवर बरंचसं होऊन गेलेलं असतं. दर महिन्याच्या ९ तारखेचं सुरक्षित मातृत्व अभियानही दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीसाठी आहे. हे कॅलेंडर एकदा डोळ्यांनी पाहिलं की 'आधी' म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही.

किती आधी? किमान तीन महिने. एचबीए१सी ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते, त्यामुळे आज औषध बदललं तरी फरक तीन महिन्यांनी दिसतो. रक्त वाढायलाही तेवढाच वेळ लागतो.

साखर: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, अथवा एचबीए१सी ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. काही त्रास होत नसेल तर दुसऱ्यांदा खात्री करून घ्यायची. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही आधीची पायरी. मधुमेह आधीच माहीत असेल तर गर्भ धरण्यापूर्वी एचबीए१सी ६.५ च्या खाली आणायचं, मात्र साखर एकदम खाली जाऊन चक्कर-घाम येणार नाही अशा बेताने. १० च्या वर असेल तर गर्भनिरोधक चालूच ठेवायचं, हे अगदी स्पष्ट सांगा. अशा बाईने डोळ्यांचा पडदाही आधी तपासून घ्यावा, कारण गरोदरपणात पडद्याचा आजार वाढू शकतो. लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनीन (मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवतं) हेही आधीच बघावं.

तिशीच्या आत साखर कुणाची बघायची? आई-वडिलांना किंवा भावंडांना मधुमेह, पीसीओएस (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा त्रास), मागच्या खेपेला गरोदरपणातली साखर, चार किलोच्या आसपासचं बाळ, कारण न कळता मूल दगावलेलं, वजन जास्त. आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की जपायचं. कंबर ८० सेंटिमीटरच्या वर म्हणजे पोटावर चरबी आहे. बाई दिसायला बारीक असली तरी कंबर मोजा.

बीपी: १४०/९० किंवा जास्त, दोन वेगवेगळ्या दिवशी. ते आधीपासून आहे हे माहीत असलं तर १२ आठवड्यांपासून कमी मात्रेची ॲस्पिरिन द्यायची का, हे डॉक्टरला वेळेत ठरवता येतं. पहिल्यांदा पाचव्या महिन्यात वाढलेलं सापडलं तर ते जुनं की गरोदरपणामुळे, हेच कळत नाही.

हृदय हे नेहमी राहून जातं. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला, दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घेतलेलं, दोन मजले चढताना धाप लागते, रात्री उशी उंच घ्यावी लागते, यातलं काही असेल तर टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्याशिवाय दिवस राहू देऊ नयेत. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्के वाढतं आणि अरुंद झालेली झडप तो भार पेलत नाही. डाव्या बाजूची झडप आधी फुग्याने उघडून घेता येते.

सूक्ष्मदर्शी

प्रयोगशाळेच्या बाजूने सांगतो, कारण चाचणी चुकीच्या पद्धतीने झाली तर आकड्याला काही किंमत नाही.

ग्लुकोजची चाचणी: आदल्या रात्रीपासून किमान ८ तास उपाशी. पाणी चालेल, चहा नाही. ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. पाकिटावर ग्लुकोज मोनोहायड्रेट लिहिलं असेल तर ८२.५ ग्रॅम घ्यावं लागतं. इथे हटकून चूक होते. दोन तास पहिल्या घोटापासून मोजायचे. त्या वेळात बसून राहायचं, बाजारात जाऊन यायचं नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी परत करायची. लिंबू पिळलं तर उमासे कमी येतात, ते चालतं.

रक्त राखाडी झाकणाच्या फ्लोराईडच्या ट्यूबमध्ये घ्यायचं. साध्या ट्यूबमध्ये उन्हाळ्यात ठेवलेलं रक्त स्वतःच साखर खातं, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. सकाळी आठला काढलेला नमुना दुपारी एकला तालुक्याला पोचला तर १३० चे १०० दिसू शकतात आणि बाई निर्धास्त होऊन घरी जाते. बोटातून थेंब घेऊन ग्लुकोमीटरवर केलेली तपासणी कुणाला पुढे पाठवायचं एवढं ठरवायला ठीक. 'मधुमेह आहे' किंवा 'नाही' असा शिक्का तिच्यावर मारू नये.

एचबीए१सी सोपी, उपाशी राहावं लागत नाही, म्हणून शिबिरात तीच करण्याचा मोह होतो. पण लोह कमी असेल तर ती खोटी वाढलेली येते. सिकलसेल असेल, लाल पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर खोटी कमी येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्यात तुमचा भाग सिकलसेलचा. तिथे एकट्या एचबीए१सीवर विसंबू नका, ग्लुकोजची चाचणीच करा.

हिमोग्लोबिन बोटातून बघणार असाल तर स्पिरिट पूर्ण वाळू द्या, पहिला थेंब पुसून टाका आणि बोट पिळू नका. पिळलं की ऊतींचं पाणी मिसळतं, ११ चे १० होतात. गरोदर नसलेल्या बाईत १२ च्या खाली म्हणजे कमी, ८ च्या खाली म्हणजे तीव्र.

थायरॉईडच्या टीएसएच या रक्तचाचणीला उपाशी राहायची गरज नाही. मात्र केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन दिवस बंद ठेवून मग रक्त द्यावं. काही यंत्रांवर त्या गोळ्यांमुळे टीएसएच खोटं कमी येतं.

बीपीचंही तसंच. लघवी करून यावं, पाठ टेकवून पाच मिनिटं शांत बसावं, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, बोलणं बंद. आधी अर्धा तास चहा नको आणि मिश्री नको. मिश्रीतल्या तंबाखूने बीपी चढतं. दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरच्या पुढे असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्ट्याने बीपी जास्तच दिसतं.

औषधपेटी

औषधांची गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. बैठकीला येताना प्रत्येकीला चालू असलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणायला सांगा. नाव आठवत नाही, पाकीट खोटं बोलत नाही. ब्रँडच्या मोठ्या अक्षरांखाली बारीक अक्षरात घटक असतात, ते वाचायचे.

'सार्टन' किंवा 'प्रिल' वर संपणारं नाव दिसलं (टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल) तर ती बीपीची गोळी गरोदरपणात चालत नाही. जोडगोळीत ती अम्लोडिपिनबरोबर लपलेली असते, म्हणून दोन्ही नावं वाचा. त्याऐवजी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा असे पर्याय डॉक्टर देतात.

सोडियम व्हॅलप्रोएट ही सगळ्यात मोठी काळजी. तिने मणक्याचे दोष येतात, बाळाच्या बुद्धीवरही परिणाम होतो. मोठे जन्मजात दोष दहातल्या साधारण एका बाळात आढळतात. आणि ती फक्त फिटसाठी देत नाहीत. अर्धशिशी, मनाचे चढउतार यांसाठीही देतात, कधी डायव्हॅलप्रोएक्स या नावाने. त्यामुळे 'फिटची गोळी घेता का' असं विचारलं तर बाई खरेपणाने 'नाही' म्हणेल. पण ही गोळी एका दिवसात स्वतः बंद करायची नाही! फिटा वाढून जीव जाऊ शकतो. लेव्हेटिरॅसिटाम किंवा लॅमोट्रिजिनवर हळूहळू नेतात, त्याला महिने लागतात.

मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा घ्यायची संधिवाताची किंवा सोरायसिसची गोळी: दिवस राहण्याच्या तीन महिने आधी बंद करावी लागते. मुरुमांचं आयसोट्रेटिनॉइन: बंद केल्यावर किमान एक महिना गर्भ नको. झडपेसाठी रक्त पातळ करणारं ॲसेनोकुमॅरॉल, थायरॉईड वाढल्यावरचं कार्बिमाझोल, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या: सगळ्या डॉक्टरला दाखवून ठरवायच्या. मधुमेहात मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन चालतं, बाकी गोळ्यांच्या जागी सहसा इन्सुलिन येतं.

थायरॉईडची गोळी आधीपासून घेणाऱ्यांसाठी: टीएसएच २.५ च्या खाली आणून मग प्रयत्न करावा. चाचणी पॉझिटिव्ह आली की सातऐवजी आठवड्याला नऊ गोळ्या, हे डॉक्टरशी आधीच बोलून ठेवायचं, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसायचं नाही. गोळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी. लोह-कॅल्शियम चार तासांनी. सकाळी तीनही एकत्र घेणाऱ्यांचं टीएसएच कितीही डोस वाढवला तरी उतरत नाही.

फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, निदान एक महिना आधीपासून, तीन महिने झाले तर उत्तम. आठवड्यातून एकदा मिळणारी लाल लोहगोळी त्याची जागा घेत नाही, आणि चौथ्या महिन्यापासूनची रोजची लोहगोळी तर नळी मिटून गेल्यावर सुरू होते. आधीच्या बाळात मणक्याचा दोष, फिटची औषधं किंवा मधुमेह असेल तर ५ मिलिग्रॅम. दुकानात सहज मिळते ती ५ चीच, म्हणून सगळ्यांनी तीच घ्यावी असं नाही. फार मोठ्या मात्रेने बी१२ ची कमतरता झाकली जाते, आणि शाकाहारी बायकांत ती खूप असते.

निशिगंध

खूप उपयोगी. पाकिटांची सूचना निरोपातच घालते. सिकलसेलबद्दल एक शंका: शाळेत असताना बऱ्याच मुलींची चाचणी झालेली आहे, 'निगेटिव्ह' सांगितलं होतं. परत करायची का?

सूक्ष्मदर्शी

कागद असेल आणि त्यावर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघणाऱ्या चाचण्या) लिहिलं असेल तर परत नको, हा गुण जन्मापासूनचा असतो, बदलत नाही. नुसती सोल्युबिलिटी झाली असेल तर करून घ्या. त्या चाचणीत रक्त द्रावणात टाकून गढूळपणा बघतात. ती स्वस्त आणि झटपट आहे, पण वाहक (गुण अंगात आहे, आजार नाही) आणि रुग्ण यांत फरक करत नाही, रक्त फार कमी असेल तर निसटतेही. मुख्य म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक तिच्यात दिसतच नाही.

आणि हा मुद्दा तुमच्या भागात कळीचा आहे. दोघंही सिकलसेलचे वाहक असतील तर प्रत्येक खेपेला २५ टक्के शक्यता आजारी बाळाची, ५० टक्के वाहकाची, २५ टक्के पूर्ण मोकळ्याची. एक सिकलचा वाहक नि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा असला तरीही २५ टक्के बाळं आजारी निघतात. म्हणून फक्त 'सिकल निगेटिव्ह' पुरत नाही. एकदा एचपीएलसी झाली की दोन्ही कळतं. थॅलेसेमियाच्या वाहकात एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असतो. मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर थांबा, कारण दात्याचं रक्त मोजलं जाईल. लोह फार कमी असताना एचबीए२ खोटं कमी येऊ शकतं, अशीला लोह भरून परत करा.

साध्या सीबीसीतही (रक्तपेशींच्या मोजणीत) खूण मिळते. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार ८० च्या खाली, पण लाल पेशींची संख्या भरपूर. एमसीव्हीला त्या संख्येने (दशलक्षांत) भागा, उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा. लोहाच्या गोळ्या नीट घेऊनही महिन्यात हिमोग्लोबिन १ ने वाढलं नाही, तरीही तेच.

सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त. सिकलसेल गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, तसंच नंदुरबारच्या पट्ट्यात. पण जात विचारून चाचणी करू नका, सगळ्यांची करा.

पायवाट

मी गट प्रवर्तक म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख करणारी म्हणून काम करते, तेव्हा गावात हे कसं बसवायचं ते लिहिते.

पहिली अडचण वयाची. असंसर्गजन्य आजारांची घरोघरची तपासणी आणि आशाताई भरतात तो सी-बॅक फॉर्म (या आजारांचा धोका बघणारी प्रश्नावली) ३० वर्षांपासून पुढे आहे. गावात पहिलं बाळ बहुतेकींना त्याआधीच होतं. म्हणजे ज्या वयात कळायला हवं तेच वय यादीत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' मोहिमेत १८ च्या पुढच्या सगळ्या बायकांची तपासणी झाली, तेव्हा तरुण मुलींचं बीपी निदान मोजलं गेलं. एरवी स्वतः उपकेंद्रात जाऊन मागावं लागतं. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर, हिमोग्लोबिनची सोय असते. बाकीचे नमुने प्राथमिक आरोग्य केंद्रातून महालॅब या सरकारी योजनेतल्या प्रयोगशाळांकडे जातात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणीला नि उपचाराला पैसे लागत नाहीत. खासगीत सगळी यादी करायची तर हजारोंत जातं, म्हणून हे ठळक सांगा. सिकलसेलसाठी १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी आहे, तिचा आग्रह धरा.

दुसरं, वेळ. 'मूल हवं असेल तर या' म्हटलं की कुणी येत नाही. पण तांबी काढायला बाई येतेच, गर्भनिरोधक गोळ्या किंवा 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन थांबवायचंय असं सांगतेच. तोच तपासणीचा दिवस. साखर किंवा बीपी वाढलेलं निघालं तर तांबी त्या दिवशी न काढता साखर-बीपी आटोक्यात आल्यावर काढा, असं डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं. अंतरा सोडल्यावर पाळी रुळायला वेळ जातो, तेवढ्यात सगळं उरकतं. दुसरी संधी बाळाच्या सहा आठवड्यांच्या लसीची. गरोदरपणात ज्यांची साखर वाढली होती, त्यांची ग्लुकोजची चाचणी त्याच दिवशी ठेवा. बाळंतपणानंतर 'साखर गेली' म्हणून त्या परत येतच नाहीत, आणि पुढच्या खेपेला आधीपासूनचा मधुमेह घेऊन येतात.

तिसरं, नवऱ्याला नि सासूला त्याच बैठकीत बसवा. सिकलची चाचणी दोघांची असते. एकटीला पाठवलं की दोष तिच्या नावावर लागतो. निकाल मात्र चारचौघांत वाचायचा नाही, यादी भिंतीवर लावायची नाही. एकदा असं झालं की पुढच्या वर्षी त्या गावातली एकही बाई हात पुढे करत नाही.

तगर

पायवाटताईंचं तांबीबद्दलचं अगदी बरोबर. दोन गोष्टी जोडते. शिबिरात थायरॉईडची चाचणी सगळ्यांची करा असं काही जण म्हणतील. माझ्या मते नमुने मोजके असतील तर आधी यांची करा: वय ३० च्या पुढे, गळ्याला गाठ, घरात थायरॉईड, आधी गर्भपात, पाळी अनियमित, टाइप १ मधुमेह. उरलेले पैसे एचपीएलसीला द्या. आणि रुबेला म्हणजे जर्मन गोवराची लस झाली नसेल तर तीही आधी. ती घेतल्यावर एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत.

निशिगंध

बैठक दुपारी तीनला आहे, त्यामुळे उपाशीपोटी काही होणार नाही. त्या दिवशी बीपी, कंबर, हिमोग्लोबिन आणि पाकिटं बघायची, नि ग्लुकोज-एचपीएलसीसाठी आरोग्य केंद्राची सकाळची तारीख चिठ्ठीवर लिहून द्यायची, असं केलं तर?

सूक्ष्मदर्शी

चालेल. एचपीएलसीचं रक्त त्याच दुपारी घेतलं तरी हरकत नाही, ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, थंड डब्यात पण बर्फाला न चिकटवता. गोठलं तर पेशी फुटतात. ग्लुकोजसाठी सकाळी एका वेळी पंधरापेक्षा जास्त जणी बोलावू नका. प्रत्येकीची दोन तासांची वेळ वेगळी लिहावी लागते आणि गर्दीत तीच चुकते. चिठ्ठीवर 'रात्री नऊनंतर काही खायचं नाही, सकाळचा चहा नाही' हे मोठ्या अक्षरात लिहा. चहा पिऊन आलेल्या बाईला परत पाठवलं तर तिची अख्ख्या दिवसाची मजुरी बुडते आणि ती दुसऱ्यांदा येत नाही.